'सुटला' आणि 'निर्दोष': दोष उतरवणारे शब्द

सेलूहून परभणीकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत तारखेला निघालेला माणूस लगेच ओळखू येतो. हातात पिशवी, पिशवीत घड्या घालून घालून झिजलेले कागद. शेजारच्याने विचारले, "कामून निघालात?" की उत्तर एका शब्दाचे: "पेशी." सेलूत तालुक्याचे न्यायालय आहे, मोठा खटला परभणीच्या जिल्हा व सत्र न्यायालयात चालतो आणि अपील झालेच तर ते छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे जाते. ही वाट कित्येकदा वर्षांनी मोजावी लागते. वाटेच्या शेवटी न्यायाधीश निकाल देतात, 'निर्दोष मुक्तता'. माणूस गावी परततो, पण बातमी त्याच्या आधी पोचलेली असते आणि ती पोचते दुसऱ्याच शब्दांत. गाव म्हणते, "सुटला म्हणे."

हे दोन शब्द एकाच घटनेचे आहेत, तरी त्यांच्यात फार अंतर आहे. जाळ्यातला मासा सुटतो, दाव्याचे जनावर सुटते, हातात आलेला चोरसुद्धा सुटतो. 'सुटला' हे क्रियापद माणसाचे काय झाले एवढेच सांगते. तो कसा होता, हे सांगत नाही. 'निर्दोष' मात्र त्याच्याविषयी बोलतो. आणि शेवटचे 'म्हणे' तर उरलीसुरली खात्रीही काढून घेते. कोर्टाने जे पानोपानी लिहून दिले, ते गावाच्या दोन शब्दांत विरघळून जाते. म्हणून दोष उतरवणाऱ्या शब्दांची नीट ओळख करून घ्यायला हवी. त्यांतल्या प्रत्येकाचे वजन वेगळे आहे आणि कोणता शब्द वापरला यावर एखाद्याची नोकरी, सोयरीक, गावातले उठणे-बसणे अवलंबून असते.

आळ घेतात, पण उतरवतो कोण?

दोष लावण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. आळ घेतात. आरोप करतात. ठपका ठेवतात. कलंक लावतात. बोट दाखवतात. घराण्याच्या नावाला बट्टा लावतात. प्रत्येकाची छटा निराळी आहे. 'आळ' बहुधा खोटाच असतो, निदान तो शब्द वापरणाऱ्याला तसे वाटत असते. 'आरोप' खरा किंवा खोटा, दोन्ही असू शकतो. तो अजून तपासायचा आहे. 'ठपका' अधिकाराच्या जागेवरून येतो. चौकशी समिती ठपका ठेवते, शेजारीण आळ घेते.

आता दुसरी बाजू पाहा. आळ 'जातो'. डाग 'धुतला जातो'. कलंक 'पुसला जातो'. संशय 'दूर होतो'. दोष लावणाऱ्या क्रियापदांना कर्ता आहे, कोणीतरी उठून ते काम करतो. दोष काढणारी क्रियापदे बहुतेक कर्त्यावाचूनची आहेत. जणू आळ घ्यायला माणूस लागतो आणि जायचा तेव्हा तो पावसाच्या पाण्यासारखा आपसूक वाहून जातो. आपल्या बोलण्यातली ही पोकळी आपल्या वागण्यातही आहे. आळ घेणारा पुढे येऊन 'माझे चुकले' म्हणाला, असे क्वचितच घडते.

ही पोकळी भरून काढण्यासाठी औपचारिक शब्द घडले. इंग्रजीतला 'एक्सकल्पेट' लॅटिन 'कुल्पा' म्हणजे दोष या शब्दावरून आला. त्याचा अर्थ दोषाबाहेर काढणे. 'एक्झॉनरेट'च्या मुळाशी 'ओनुस' म्हणजे ओझे आहे. त्यात कोणीतरी कोणाच्या तरी खांद्यावरचे ओझे उतरवतो. 'अॅक्विट'ची नाळ देणे चुकते करून मोकळे होण्याशी जोडलेली आहे. आपल्याकडची 'फारकत' याच जातीची. मूळची फारसी वळणाची 'फारखती' म्हणजे आता तुमच्याकडे काही येणे उरले नाही, असे लिहून दिलेला कागद. पुढे बोलीत तिला नवरा-बायकोच्या विभक्त होण्याचा अर्थ चिकटला. ओझे म्हणा की देणे म्हणा, कल्पना एकच: दोष अंगावर चढवला जातो आणि तो कोणीतरी उतरवावा लागतो.

सेलूकडच्या बोलीत आणखी एक शब्द मुरलेला आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानच्या अदालतींचा कारभार उर्दूत चाले. 'पेशी', 'मुचलका', 'फिर्याद', 'वकालतनामा' हे शब्द त्या आणि त्याआधीच्या फारसी दप्तरांनी मागे ठेवले. 'बरी होणे' त्यांतलाच. अरबी मुळाचा हा 'बरी' म्हणजे दोषापासून अलग. त्याआधी 'बाइज्जत' जोडला की अर्थ पुरा होतो: अब्रूसकट मोकळा. केवळ मोकळे होणे पुरेसे नाही, अब्रूही परत मिळायला हवी, हे त्या जोडशब्दाने नेमके ओळखले होते.

जनाबाईचा सूळ आणि रव्याचे दिव्य

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही घरात आळ म्हणजे काय हे सांगायला दूर जावे लागत नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्याविषयीची कथा घरोघर माहीत आहे. विठ्ठल रात्री जनीकडे येतो आणि जाताना आपले रत्नपदक तिथेच विसरून तिची वाकळ पांघरून जातो. सकाळी देवळात पदक नाही. ते जनीकडे सापडते आणि चोरीचा आळ दासीवर येतो. तिला सुळी द्यायचे ठरते. तिला सुळापाशी नेतात आणि सुळाचेच पाणी होते.

आख्यायिका म्हणूनच ही कथा वाचावी, पण तिच्यातला सामाजिक तपशील अगदी खरा आहे. आळ सगळ्यांत आधी कोणाकडे वळतो? ज्याच्या मागे कोणी नाही, त्याच्याकडे. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण उगीच जन्मली नाही. आणखी एक गोष्ट. जनीची सुटका ज्या लोकांनी तिला चोर ठरवले, त्यांच्या डोळ्यांदेखत होते. तिला कोणी गुपचूप सोडून दिलेले नाही.

मराठा काळातल्या न्यायपद्धतीतही हेच तत्त्व दिसते, जरी तिची साधने आज अंगावर काटा आणणारी वाटली. साक्षी-पुराव्याने वाद सुटला नाही, तर 'दिव्य' करवले जाई. 'रवादिव्या'त उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढावा लागे. मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करीत आणि ठरलेल्या मुदतीने सभेपुढे ती उघडून हात पाहत. हात निर्मळ निघाला, तर तो माणूस 'खरा झाला'. नाही तर 'खोटा झाला'. आपल्या 'अग्निदिव्य' शब्दाला या प्रथेचा चटका आहे. दिव्य ही न्यायाची रीत नव्हे, कारण हात भाजणे आणि गुन्हा करणे यांचा काही संबंध नाही. पण त्या काळाच्या दोन गोष्टी विचार करायला लावतात. निवाडा गोतापुढे, म्हणजे ज्यांच्यात त्या माणसाला पुढे जगायचे आहे त्यांच्यापुढेच होई. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि हरणाऱ्याला आपली हार मान्य करणारे 'येजितखत' लिहून द्यावे लागे. खोटे बोलणाऱ्याची कबुली खरे बोलणाऱ्याच्या हाती लेखी असे. आजच्या निकालपत्रात सगळे काही असते, पण असे येजितखत नसते.

कोर्टाची भाषा: तीन पायऱ्या, चार शब्द

आजच्या कायद्यात माणूस दोषाच्या छायेतून तीन वेगवेगळ्या ठिकाणी बाहेर पडू शकतो. बातमीत आणि बोलण्यात या तिन्ही पायऱ्या एकाच 'सुटला'मध्ये कोंबल्या जातात.

पहिली पायरी पोलीस तपासाची. तपासात काही हाती लागले नाही, तर महाराष्ट्रात पोलीस दंडाधिकाऱ्यांकडे 'समरी' अहवाल पाठवतात. तिचे प्रकार अक्षरांनी ओळखले जातात. 'ए समरी' म्हणजे गुन्हा घडला हे खरे, पण गुन्हेगाराचा माग लागला नाही किंवा त्याच्याविरुद्ध पुरावा नाही. 'बी समरी' म्हणजे फिर्यादच खोटी आणि दुष्ट हेतूने केलेली. 'सी समरी' म्हणजे फिर्याद खरीही नाही आणि मुद्दाम खोटीही नाही. गैरसमज झाला किंवा वाद मुळात दिवाणी स्वरूपाचा होता. नाव गोवल्या गेलेल्या माणसासाठी यांतला फरक जमीन-अस्मानाचा आहे. 'ए'मध्ये शंका तशीच लोंबकळत राहते. 'बी'मध्ये बोट उलट फिर्याद देणाऱ्याकडे वळते. आणि समरी हा पोलिसांचा अहवाल असतो. तो स्वीकारायचा की पुढील तपास सांगायचा, हे दंडाधिकारी ठरवतात.

दुसरी पायरी आरोप निश्चित होण्याआधीची. आरोपपत्र वाचून न्यायालयाला खटला चालवण्याइतका आधार दिसला नाही, तर ते आरोपीला तिथेच सोडते. यासाठी वृत्तपत्री मराठीत 'दोषमुक्त' हा शब्द रुळला आहे. 'दोषमुक्तीचा अर्ज' असा उल्लेख येतो तो याच टप्प्याचा. शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण इथे साक्षीपुरावा झालेला नसतो. नवा पुरावा पुढे आला, तर त्या माणसावर पुन्हा कारवाई होऊ शकते.

तिसरी पायरी 'निर्दोष मुक्तता'. खटला चालला, साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली आणि गुन्हा शाबित झाला नाही. या निकालाचे कवच पक्के आहे. सरकार वरच्या न्यायालयात अपील करू शकते, पण निकाल कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३०० मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३३७ मध्ये आहे. दोषारोपाआधीची सुटका म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे, हे कायदा इथे स्पष्टच सांगतो.

चौथा शब्द निकालाच्या आतला आहे: 'संशयाचा फायदा'. इथेच सर्वांत मोठा गैरसमज होतो. 'संशयाचा फायदा' ऐकले की लोकांना वाटते, कोर्टाने दया दाखवली, केले असेल पण सोडून दिले. मुळात हा संशय आरोपीवरचा नाही, सरकार पक्षाच्या पुराव्यावरचा आहे. गुन्हा शाबित करण्याचा भार सरकारवर असतो आणि तोवर माणूस निर्दोषच धरला जातो. म्हणजे कोर्ट त्याला निर्दोषत्व बहाल करत नाही. जे त्याच्यापासून कोणी हिरावू शकले नाही, ते त्याचे आहे असे जाहीर करते. म्हणून 'त्याला निर्दोषत्व सिद्ध करावे लागेल' असे सर्रास लिहिले जाते, ते सर्वसाधारण फौजदारी खटल्यापुरते चूकच आहे. महाराष्ट्रातल्याच सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परिस्थितीजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. वकील मंडळी आजही त्यांना 'पंचशील' म्हणतात. त्यांचा गाभा एवढाच: 'शाबित होऊ शकेल' आणि 'शाबित झालेच पाहिजे' यांतले अंतर मोठे आहे आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

स्कॉटलंडने हे अंतर निकालातच नोंदवून ठेवले होते. तिथे 'दोषी' आणि 'दोषी नाही' यांखेरीज 'शाबित झाले नाही' असा तिसरा निकालही शतकानुशतके चालत आला. कायद्याने तोही सुटकेचाच निकाल होता, पण त्याने सुटलेल्या माणसाभोवती कुजबुज कायम राही. अखेर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने हा तिसरा निकाल रद्द करण्याचा कायदा संमत केला.

कचेरीतला 'दोषमुक्त' आणि बातमीतली 'क्लीन चिट'

कचेरीत आपला 'दोषमुक्त' पुन्हा भेटतो, पण निराळ्या अर्थाने. एखाद्या तलाठ्यावर, ग्रामसेवकावर किंवा शिक्षकावर विभागीय चौकशी लागते. निलंबन होते, निर्वाह भत्त्यावर घर चालते. चौकशीत दोषारोप सिद्ध झाले नाहीत, तर आदेशात 'दोषमुक्त करण्यात येत आहे' असे येते. इथे 'दोषमुक्त' म्हणजे पूर्ण चौकशीनंतरची सुटका. कोर्टाच्या बातमीत तोच शब्द खटला उभा राहण्याआधीच्या सुटकेला वापरतात. शब्द एक, टप्पे दोन. आदेश वाचणाऱ्याने म्हणूनच कोणी, कधी आणि काय तपासून हा शब्द लिहिला, ते पाहावे. सेवानियमांत 'पूर्णतः दोषमुक्त' यातल्या 'पूर्णतः'ला रोख किंमत आहे. बडतर्फ केलेला कर्मचारी परत कामावर येतो तेव्हा मधल्या काळाचा पूर्ण पगार मिळणार की नाही, ते या विशेषणावर ठरू शकते.

मग कोर्टातून 'सन्मानपूर्वक' सुटणे म्हणजे काय? २०१२ मध्ये तमिळनाडूतील एका पोलीस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला. 'सन्मानपूर्वक मुक्तता', 'पूर्णतः दोषमुक्त' हे शब्दप्रयोग फौजदारी प्रक्रिया संहितेत कुठेच नाहीत, ते न्यायालयीन निकालांतून घडले आहेत, असे न्यायालयाने सांगितले. त्यांची काटेकोर व्याख्या करणेही अवघड आहे. सगळा पुरावा पूर्णपणे तपासल्यावर सरकार पक्ष आरोप शाबित करण्यात साफ अपयशी ठरला, तर ती सुटका सन्मानपूर्वक म्हणता येईल, असा निकालाचा आशय आहे. साक्षीदार फितूर झाल्याने झालेली सुटका त्यात बसेलच असे नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हा फरक जरूर समजून घ्यावा. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात निर्दोष सुटलेल्या खटल्याबद्दल विचारले असेल, तर तोही खरा खरा लिहावा लागतो. तो लपवणे ही नवी आणि स्वतःच्या हाताने केलेली चूक ठरते.

बातम्यांनी या साऱ्यावर एकच पांघरूण घातले आहे: 'क्लीन चिट'. या शब्दाचा प्रवास मोठा देखणा आहे. आपली चिठ्ठी इंग्रजांच्या तोंडी 'चिट' झाली. साहेबाकडची नोकरी सोडताना नोकर जे शिफारसपत्र घेई, तेही 'चिट'च. तीच चिठ्ठी 'क्लीन' होऊन आपल्याकडे परत आली. पण कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात 'क्लीन चिट' नाही. पोलिसांनी नाव वगळले, समितीने ठपका ठेवला नाही, कोर्टाने निर्दोष सोडले, या सगळ्याला ती एकच चिठ्ठी लावली जाते. मग ज्याचा खटला पुरा चालून निकाल लागला, त्याच्या आणि ज्याची नुसती चौकशी गुंडाळली गेली, त्याच्या चिठ्ठीत वाचकाला फरकच दिसत नाही. यात नुकसान पहिल्याचे होते.

जन्माने लागलेला दोष

काही माणसांच्या वाट्याला दोष कृत्याआधीच येतो. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने समाजच्या समाज गुन्हेगार म्हणून नोंदले. पाळण्यातले मूलही त्यातून सुटले नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर हा कायदा रद्द झाला आणि या समाजांना नवा शब्द मिळाला, 'विमुक्त'. एका व्यक्तीऐवजी अख्ख्या समाजावरचा दोष उतरवणारा असा शब्द विरळाच. पण कागदावरून उतरलेला दोष नजरेतून उतरायला किती काळ लागतो, हे मराठवाड्यातून आलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाने जगापुढे ठेवले. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. समाजाला चिकटवलेले नावच त्यांनी पुस्तकाला दिले आणि वाचकाला त्या नावाकडे नीट पाहायला लावले.

आणि हे जुने झाले, असे समजण्याचे कारण नाही. नाशिकजवळ २००३ मध्ये घडलेल्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या समाजातील सहा जणांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना फाशीच सांगितली. पुढे पुनर्विचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सुरुवातीला छायाचित्रांवरून वेगळीच चार माणसे ओळखली होती आणि त्या दिशेने तपास झाला नव्हता. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. स्वतःचा निकाल चुकला हे त्याच न्यायालयाने लिहून दिले, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आधुनिक काळातले येजितखत असलेच, तर ते असे दिसेल.

जिथे आळ, तिथेच उतारा

गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिला तर चोरीचा आळ येतो, असे आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. त्यामागे स्यमंतक मण्याची कथा आहे. मण्यासाठी कृष्णावर आळ आला. तो स्वतः अरण्यात गेला, मणी शोधून आणला आणि ज्या समाजात कुजबुज झाली होती, त्याच्याच सभेत सत्राजिताच्या हाती दिला. देवालाही आळ एकट्याने धुता आला नाही, त्यासाठी सभा लागली.

फ्रान्समध्ये कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांची पदचिन्हे ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या सैनिकी शाळेच्या आवारात, लोकांसमोर ओरबाडून काढली गेली. जुलै १९०६ मध्ये ते निर्दोष ठरले, तेव्हा त्यांना सन्मानपदकही त्याच संस्थेच्या आवारात दिले गेले. आणि आपल्या मुंबईत? २२ जुलै १९०८ च्या रात्री उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. ज्यूरीतल्या नऊपैकी सात जणांनी त्यांना दोषी म्हटले होते. तो निकाल कायद्याने कधी फिरला नाही. पण १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याच न्यायदालनापाशी त्यांच्या निर्दोषत्वाच्या उद्गारांची पाटी बसवली. जिथे शिक्षा वाचली गेली, तिथेच आज आरोपीचे शब्द वाचायला मिळतात.

सेलूला परतणाऱ्या त्या माणसासाठी कोणी पाटी बसवणार नाही. त्याची सभा म्हणजे त्याची गल्ली, हॉटेलातले बाकडे, आठवडी बाजार आणि लग्नाचा मांडव. आळ तिथेच पसरला होता, तेव्हा तो तिथेच उतरायला हवा, आणि ते काम न्यायाधीश करू शकत नाहीत. ते तुमचे-माझे आहे. त्यासाठी वेगळे काही लागत नाही. बाकड्यावर कोणी "सुटला म्हणे" असे म्हणाले, की त्याला तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगायचे: "म्हणे नाही. निर्दोष ठरला." आणि आपणही कधी त्याच्याबद्दल दोन वाईट शब्द बोललो असू, तर त्याच लोकांसमोर म्हणायचे की आपले चुकले. जुन्या गोतसभेत त्या माणसाला 'खरा झाला' म्हणत. तो शब्द आजही मराठीत जिवंत आहे.